नक्कल मागितली आणि नाव कटलं

आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर एक पत्ता आहे. हंगामी वसतिगृहाच्या यादीतून मुलाचं नाव काढण्याचा. तो पत्ता नुसता ब्राउझरमध्ये टाकून उघडला तर काहीच होत नाही. पांढरं पान येतं, वर चारशे पाच हा आकडा, आणि त्याखाली एक ओळ: "इथं नुसतं पाहून नाव कटत नाही." मी हे पान बहुतेक रोज उघडतो. बायको म्हणते, "त्याच्यात रोज काय पाहाचं ऱ्हायते? कालच्यासारखंच तर दिसते." कालच्यासारखंच दिसतं, हेच तर पाहायचं असतं.

माझ्या आयुष्यात मला ज्यांचा अभिमान वाटतो अशा गोष्टी फार नाहीत, आणि त्यात हे पान सगळ्यात वर आहे. ते मी लिहिलेलं नाही. ते ज्या चुकीमुळे लिहावं लागलं ती चूक मात्र माझी आहे. तिचा दोष तीन वर्षं दुसऱ्याच व्यक्तीच्या माथ्यावर होता, आणि मला ते माहीत होतं. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

नोकरीची बहुतेक वर्षं मी मानोरा तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. लाल कापडात बांधलेले बस्ते, त्यांच्या याद्या, त्यांच्यावरची धूळ. इंझोरीपासून आसेगावपर्यंतची माणसं माझ्या खिडकीशी उभी राहायची आणि त्यांची कामं दोनच प्रकारची असायची. एक नक्कल, दुसरा फेरफार. नक्कल म्हणजे कागद बघायला मागणं. अर्ज द्या, तिकीट लावा, प्रत घ्या. दहा वेळा मागा, मूळ कागदाला काही होत नाही. फेरफार म्हणजे नोंद बदलणं. त्याला नोटीस, हरकतीची मुदत, सह्या, वरच्या साहेबांची मंजुरी. नक्कल मागायला आलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावरून उडालं, असं माझ्या खिडकीत एकदाही झालं नाही. हे मी छाती पुढे करून सांगत असे. निरोपसमारंभातही सांगितलं.

निवृत्तीनंतर मंगरूळपीरला संगणकाच्या वर्गाला जाऊ लागलो. वर्गातली बाकीची मुलं माझ्या नातवांच्या वयाची, शिकवणारे सर माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला पालक समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दोन वर्षांत मी संकेतस्थळं लिहायला शिकलो. मानोऱ्यात "भाऊसाहेब आता वेबसाइट बनवून राह्यले" अशी बातमी झाली. चहाच्या टपरीवर लोक मला आपला मोबाईल दुरुस्तीला देऊ लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मानोऱ्याच्या आसपास बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ आहेत. दिवाळीनंतर तिथली अर्धी घरं उसाच्या तोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मुलं सोबत गेली की त्यांची शाळा बुडते. म्हणून आमची छोटी संस्था त्या सहा महिन्यांसाठी वसतिगृह चालवते. कोणती मुलं राहणार आणि कोणती आईबापांसोबत जाणार, हे आधी कळावं लागतं. तेवढ्यावर गाद्या, किराणा आणि स्वयंपाकाच्या बाया ठरतात. ही यादी पूर्वी वहीत असायची. संस्थेनं मला विचारलं, आणि मी ती संगणकावर आणली.

माझी योजना सोपी होती. सगळ्या मुलांची नावं यादीत आधीच घातलेली. ज्यांना मूल सोबत न्यायचं असेल त्यांच्यासाठी दर घराला वेगळी लिंक. लिंक उघडली की नाव यादीतून कमी. अंगठ्यानं एकदा दाबलं की काम झालं, लिहायला-वाचायला नको. संस्थेच्या सचिवांनी पाठ थोपटली.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळणार नाही.

ब्राउझर जेव्हा सर्व्हरकडे काही मागतो तेव्हा त्या मागणीच्या सुरुवातीला एक शब्द असतो. 'गेट' हा शब्द असला तर अर्थ असा की मला हे फक्त दाखव. 'पोस्ट' असला तर मी काही देतोय, त्यानुसार नोंद कर. 'डिलीट' म्हणजे काढून टाक. आणखीही काही शब्द आहेत. लिंक उघडली की जाणारा शब्द 'गेट' असतो. बदल करायचा तर फॉर्म लागतो, बटण लागतं, आणि मग जाणारा शब्द 'पोस्ट'. इंटरनेटवरची सगळी यंत्रं आणि अ‍ॅप या समजुतीवर चालतात की 'गेट'नं कुणाचं काही बिघडत नाही. त्यामुळे ती बिनधास्त, माणसाला न विचारता, लिंका उघडून बघत असतात.

मी ज्या भाषेत लिहायला शिकलो, तिच्यात बघायला आलेली मागणी आणि बदलायला आलेली मागणी एकाच टोपलीतून उचलता येत होती. मी उचलली. कोणता शब्द घेऊन कोण आलं हे मी तपासलं नाही, आणि भाषेनंही मला विचारलं नाही. भाषेला दोष देऊन मी सुटणार नाही. तपासायची सोय तिच्यात होती, मी वापरली नाही. पण माझं मत आहे आणि ते मी अनुभवानं कमावलं आहे. भाषेनं लिहिणाऱ्याला आधी विचारावं, हे दार कोणत्या शब्दाला उघडणार? त्यानं सांगितलं नाही तर दार फक्त बघण्यापुरतं उघडावं, आणि नको तो शब्द घेऊन कोणी आलं तर त्याला स्पष्ट परत पाठवावं. माझ्यासारखा खिडकीवरचा कारकूनसुद्धा विसरतो, हे धरून चालावं.

नक्कल आणि फेरफार यांत आयुष्य काढलेल्या माणसानं नकलेच्या खिडकीत फेरफार ठेवला होता.

संस्थेत संगणकावर काम करायला एक बाई होती. जवळच्याच तांड्यावरची, वय तिशीच्या आत-बाहेर, बोलायला फटकळ, कामाला चोख. तांड्यावरची पहिली पदवीधर. मला भाऊसाहेब म्हणायची आणि माझ्या चुका सगळ्यांसमोर काढायची. एकदा म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्या पानावर अक्षर इतकं बारीक काहून? तुमाले सोताले तरी दिसते का?" मी अक्षर मोठं केलं.

दिवाळीच्या आधी तिनं तांड्यावरच्या घरांना निरोप पाठवले. मोबाईलवर एकेक घराला वेगळा निरोप, प्रत्येकात त्या घराची लिंक. 'पोराले सोबत नेत असान तरच हे दाबा,' असं तिनं आपल्या बोलीत लिहिलं होतं. यादीत सव्वीस मुलं होती. तीन घरांकडे साधे फोन होते, त्यांना तिनं बोलून विचारलं. तेवीस घरांना लिंक गेली.

चार दिवसांनी यादी काढली तर तिच्यात तीनच नावं. वसतिगृहाच्या अधीक्षकांना वाटलं, यंदा सगळे पोरं सोबत नेत असतील, ऊसतोडीच्या मुकादमानं तसं सांगितलं असेल. त्यांनी मोजकाच किराणा भरला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "यादीत आहे तेच खरं."

निघायच्या दिवशी ट्रक तांड्याखाली उभा होता आणि आईबाप मुलांच्या वळकट्या, पत्र्याच्या पेट्या घेऊन वसतिगृहाच्या दारात आले. एकाही घरानं लिंक दाबली नव्हती. सगळ्यांची मुलं राहणार होती. अधीक्षकांनी जागा करून नऊ मुलं कशीबशी घेतली. उरलेली चौदा परत ट्रकमध्ये चढली. त्यात त्या बाईच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती, चौथीतली. पेटीवर तिनं खडूनं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. पेटी वसतिगृहातच राहिली आणि मुलगी गेली.

दोन दिवसांनी संस्थेच्या अंगणात बैठक झाली. तांड्याचा कारभार पाहणारे नायक, मागे थांबलेली म्हातारी माणसं, आम्ही संस्थेचे लोक. नायकांनी थेट तिलाच विचारलं.

"नावं कोनं काढले?"

"म्या नाही काढले. म्या नुसते निरोप पाठवले."

"निरोप तूच पाठवले, यादी तूच पाह्यते, अन् नावं कोन, भूत काढून गेलं?"

"माह्या बहिनीच्या पोरीचं नाव म्या काहून काढीन, नायक? तुमीच सांगा."

नायक हसले. "हाव ना. सोताच्या भाचीचंबी काढलं, म्हंजे कोनी बोट दाखवाले नको. शिकेल मानूस हाये बाप्पा!"

माणसं हसली. ती माझ्याकडे वळली. "भाऊसाहेब, म्या खरंच काई दाबलं नाही. तुमीच सांगा ना, मशीन चुकली असन."

नायकांनीही मलाच विचारलं, "सांगा भाऊसाहेब. मशीन आपल्या मनानं नाव काढू शकते का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मशीन आपल्या मनानं काही करत नाही."

वाक्य खरं होतं. त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. त्या क्षणी कारण मला माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण आपण लिहिलेलं एकदा तपासून बघतो, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. टपरीवरचा भाऊसाहेब मध्ये आला. त्याच दिवशी तिला कामावरून कमी केलं. जाताना तिनं टेबलावरची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि गेली.

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हरची नोंद उघडली. कोण कधी आलं, काय मागितलं, कोणता शब्द घेऊन आलं, हे तिथं ओळीनं लिहिलेलं असतं. रेकॉर्ड वाचणं हे तर माझं कामच. तेवीस ओळी होत्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला 'गेट'. येणाऱ्याच्या ओळखीच्या जागी ब्राउझरचं नाव नव्हतंच, निरोपाच्या त्या अ‍ॅपचं होतं. वेळा तिनं निरोप पाठवले त्याच दुपारच्या, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं. तिनं लिंक निरोपात चिकटवली की पान कसं दिसतं याचं छोटं चित्र दाखवायला अ‍ॅप स्वतःच ती लिंक उघडून बघत होतं. त्यानं नक्कल मागितली. माझ्या पानानं नाव काढून टाकलं. निरोप समोरच्या घरी पोचण्याआधीच नाव कटलेलं असायचं.

मी काय केलं? त्याच दुपारी पान दुरुस्त केलं. लिंक उघडली की नुसतं नाव दिसेल, काढायचं तर खाली बटण. तासाभराचं काम होतं. मग संगणक बंद केला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. सचिवांनाही नाही, बायकोलाही नाही. दुरुस्ती केली म्हणजे मला कळलं होतं. नंतर कधीही "मला ठाऊक नव्हतं" असं म्हणायची सोय त्या तासाभरानं संपवली.

त्यानंतर ती मंगरूळपीरला एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला लागली, एवढं कानावर होतं. तांड्यावर ती सणाला येई, पण कुणाच्या घरी चहाला जात नसे. बहीण तिच्याशी बोलत नव्हती. वर्ष बुडालेली भाची पुढच्या वर्षी पुन्हा चौथीत बसली. हे सगळं मला कळायचं. मानोरा मोठं नाही.

तीन वर्षांनी, एका सकाळी, ती माझ्या घरी आली. मी ओसरीत पेपर वाचत होतो. तिनं पाणी नाकारलं, खुर्ची ओढली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"भाऊसाहेब, हे पान म्या लिवलं. पाहा. उघडलं की आकडा एकानं वाढते. आता किती हाये?"

"सात."

तिनं निरोपाचं अ‍ॅप उघडलं, त्या पानाची लिंक चिकटवली आणि हात बाजूला घेतला. "म्या धाडलंबी नाही. नुसतं चिकटवलं. आता पाहा."

अ‍ॅपनं पानाचं छोटं चित्र दाखवलं. त्यात आकडा आठ होता.

ही बाई दिवसभर लोकांचे फॉर्म भरून, उरलेल्या वेळात मोबाईलवर बघून बघून वेब शिकली होती. सर्व्हरची नोंद तिच्या हाती कधीच नव्हती. मला तेवीस ओळी आयत्या मिळाल्या होत्या, तिनं नुसत्या विचारानं तिथपर्यंत मजल मारली होती. इतक्या लाजेतही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते कौतुकच.

"तुमाले माईत होतं का?" तिनं विचारलं.

"त्या बैठकीत नव्हतं."

"मंग कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

मी माफी मागायला सुरुवात केली तर तिनं थांबवलं. "मले कायले सांगता? मले तर माईतच होतं म्या दाबलं नाही. ज्यायच्या समोर बोलले त्यायले सांगा."

"सचिवांना पत्र लिहितो."

"पत्र नको. तांड्यावर चाला. अन् कम्पुटरच्या भाषेत नको, त्यायले समजन असं सांगा."

पुढच्या रविवारी मी तांड्यावर गेलो. नायकांच्या घरासमोर माणसं जमली. ती मागे, लिंबाच्या झाडापाशी उभी होती, बहिणीपासून चार हात लांब. मी उभा राहिलो आणि विचारलं, "तुमच्यापैकी माझ्या खिडकीत नक्कल मागायला कोण कोण आलं होतं?" बरेच हात वर झाले. "नक्कल मागितली म्हणून कुणाचं नाव सातबाऱ्यावरून गेलं का?"

"नाही जी. असं कसं जाईन?" एक म्हातारा म्हणाला.

"मुलांच्या यादीत गेलं. मोबाईलनं नुसती नक्कल मागितली, आणि मी अशी खिडकी बनवली होती की मागणाऱ्याचं नाव कटत होतं. हिनं काही दाबलं नाही. तुम्हीही कुणी दाबलं नाही. ते मी लिहिलं होतं."

नायक पुढे वाकले. "मशीन आपल्या मनानं काई करत नाही, असं म्हनले होते तुमी."

"माझ्या मनानं केलं. आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं."

"तीन वर्सं झाले, भाऊसाहेब."

"हो."

"म्या हिले भर बैठकीत हासलो. तुमी मले हासू देलं."

"हो."

मागून एक बाई बोलली, तिचा मुलगा त्या चौदांमधला. "माह्या पोरानं मंग शाळाच सोडली. त्याचं काय करता?" तिचा प्रश्न तसाच लिहून ठेवतो.

नायक उठले. मला वाटलं माझ्याकडे येतात. ते सरळ लिंबाच्या झाडापाशी गेले, तिच्यासमोर उभे राहिले. पागोटं काढून हातात घेतलं. "बाई, या वर्साची यादी कोन करन?"

तिनं बहिणीकडे बघितलं. बहीण डोळ्याला पदर लावून दोन पावलं तिच्याकडे सरकली होती. मग ती म्हणाली, "म्या करीन. पन भाऊसाहेबाच्या हातचं एकबी पान ठेवनार नाही."

"नको ठेवू," मी म्हणालो. सगळे हसले, आणि या वेळी त्या हसण्यात मीही होतो.

सचिवांनी तिला कामावर परत घेतलं, लेखी दिलगिरीसह. चूक कोणाची होती हे त्या पत्रात माझ्या सांगण्यावरून स्पष्ट लिहिलं आहे. तिनं माझी पानं एकेक करून पुसली. मी शेजारी बसून बघत होतो. ज्या भाषेत तिनं नवीन लिहिलं तिच्यात पानाच्या आधीच सांगावं लागतं की हे दार कोणत्या शब्दाला उघडेल. न सांगितलेला शब्द घेऊन कोणी आलं की उत्तर जातं, चारशे पाच, ही पद्धत इथं चालत नाही, अमुक चालते. मी म्हणालो, हे तर माझ्या खिडकीसारखं झालं. ती म्हणाली, "तुमच्या खिडकीतूनच तर शिकली. कचेरीच्या." एकाच घरानं बटण दोनदा दाबलं तरी नाव एकदाच कमी होतं आणि शेजारच्याचं जात नाही, हेही तिनं स्वतःच्या डोक्यानं बांधलं. मला ते सुचलं नसतं.

त्या दिवाळीआधी तिनं निरोप पाठवले ते तांड्यावर बसून, सगळ्यांच्या समोर. दर निरोपानंतर नायक यादी उघडायला लावत आणि मोठ्यानं मोजत. शेवटचा निरोप गेला तेव्हा यादीत जितकी नावं होती तितकीच होती. भाचीनं पत्र्याची पेटी ओसरीत आणून ठेवली होती. तीच पेटी, खडूचं नाव पुसून आता रंगानं लिहिलेलं.

तिच्या नव्या पानाच्या तळाशी 'यादीचं काम' असं लिहून पुढे दोन नावं होती. पहिलं माझं. संस्थेनं मानानं ठेवलं होतं. माझं काढू का, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "तुमचं तुमी पाहा." मग एका दुपारी मी संकेतस्थळाच्या आतल्या बाजूला गेलो आणि माझ्या नावापुढचं बटण दाबलं. पान थांबलं आणि त्यानं विचारलं, "खरंच काढाचं का?" मी हो दाबलं.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. त्या पानाच्या तळाशी आता एकच आहे, तिचं.